‘उमेदवारच मिळत नाहीत’ या सबबीविषयी

सॉफ्टवेअर क्षेत्रात वरिष्ठ पदांवर स्त्रिया इतक्या कमी का, असा प्रश्न निघाला की ‘मुलींना मुळात या विषयाची आवडच कमी, मग उमेदवार आणायचे कुठून’ हे उत्तर तयार असते. या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला ते साफ चुकीचे वाटते, कारण या क्षेत्राचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तोफगोळ्याचा मार्ग यंत्राने काही सेकंदांत काढून दाखवला आणि पाहुणे थक्क झाले. प्रोग्रॅमिंगची भाषा तर सोडाच, धड माहितीपुस्तिकाही हाताशी नसताना, यंत्राचे आराखडे वाचून, केबली जोडून आणि स्विच लावून ते गणित यंत्रावर बसवले होते बेटी स्नायडर आणि बेटी जेनिंग्ज यांनी. एनिॲकच्या पहिल्या सहाही प्रोग्रॅमर स्त्रियाच होत्या. त्या रात्रीच्या मेजवानीचे निमंत्रण मात्र त्यांना नव्हते. यंत्र बांधणे हे खरे काम आणि ते चालवणे हे कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत होती. पुढे प्रोग्रॅमिंगला पैसा आणि मान मिळू लागला, तसे ते पुरुषांचे काम मानले जाऊ लागले.

अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. २०१० पर्यंत ते जेमतेम १८ टक्क्यांवर आले. एका पिढीत मेंदू बदलत नाही. बदलले ते असे की, घरगुती संगणकाची जाहिरात मुलांसाठी होऊ लागली, तो मुलांच्या खोलीत गेला आणि महाविद्यालये पहिल्याच दिवशी पूर्वानुभव गृहीत धरू लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने प्रवेशात प्रोग्रॅमिंगच्या पूर्वानुभवाला दिलेले वजन कमी केले आणि नवख्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली, तेव्हा तिथल्या संगणकशास्त्राच्या प्रवेशांत मुलींचे प्रमाण १९९५ मधील सुमारे ७ टक्क्यांवरून २००० पर्यंत सुमारे ४२ टक्क्यांवर गेले.

प्रवेश मिळाल्यानंतरचे अडथळे जास्त चिवट असतात, कारण ते बरेचदा सौजन्याच्या रूपाने येतात. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे नाव रात्रीच्या ऑन-कॉल पाळीतून, म्हणजे बिघाड झाल्यास तातडीने हजर होण्याच्या पाळीतून, परस्पर वगळले गेले. तिचे मूल लहान होते आणि साहेबांचा हेतू चांगलाच होता, पण तिला कोणी विचारले नाही. रात्री सर्व्हर बंद पडतो, तेव्हाच यंत्रणेचे कच्चे दुवे कळतात आणि वरिष्ठांना नावे लक्षात राहतात. वर्षभराने बढतीच्या बैठकीत तिच्याविषयी शेरा आला, ‘काम उत्तम, पण संकटकाळी जबाबदारी घेतल्याचे दिसत नाही.’ तो शेरा खराच होता, म्हणूनच तो मला अधिक संतापजनक वाटला. त्याच पाळीतल्या एका पुरुष सहकाऱ्याचे मूलही तेवढेच लहान होते; त्याला वगळण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

तेव्हापासून बढतीच्या चर्चेत बसताना मी वर्षभराचे पाळीपत्रक सोबत मागते, आणि एखादीचे नाव त्यात नसेल तर ते कोणी काढले, तिला विचारून काढले का, याचे उत्तर आधी घेते; गुणांची चर्चा त्यानंतर.