जपानमधल्या शिक्षकाची हिवाळी सुट्टी: साध्या गाड्या आणि तारखांचं गणित

जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांना साधारण २५ डिसेंबर ते ७ जानेवारी वर्ग नसतात. वर्ग नाहीत म्हणून रजा मिळाली असं मात्र धरू नका. सरकारी सुट्टी २९ डिसेंबर ते ३ जानेवारी एवढीच. मागचेपुढचे दिवस बऱ्याच करारांत कामाचेच असतात, तेव्हा पगारी रजेचा अर्ज उपमुख्याध्यापकांकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच द्या. एजन्सीमार्फत नेमणूक असेल तर सुट्टीच्या महिन्यात पगार कापला जातो का, तेही करारात बघून घ्या. प्रवासाचं बजेट त्यावरच ठरतं.

पर्यटकांसाठीचा देशभर चालणारा जेआर (जपानच्या मुख्य रेल्वे कंपन्या) पास कामाच्या व्हिसावर राहणाऱ्याला मिळत नाही. आपल्या कामाचं तिकीट म्हणजे 'सेइशुन १८'. वयाची अट नाही. हिवाळ्यात ते साधारण १० डिसेंबर ते १० जानेवारी चालतं. सलग ३ दिवसांचं १०,००० येन, सलग ५ दिवसांचं १२,०५० येन. म्हणजे पाच दिवसांच्या तिकिटावर दिवसाला २,४१० येन पडतात, आणि तेवढ्यात जेआरच्या साध्या व जलद लोकल गाड्यांतून हवं तितकं फिरा. शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आणि लिमिटेड एक्स्प्रेसला हे चालत नाही. वरचा आकार भरतो म्हटलं तरी नाही, त्या टप्प्याचं पूर्ण भाडं वेगळं द्यावं लागतं.

इंटरनेटवर या तिकिटाची जुनी माहिती अजून फिरते आहे. पूर्वी पाच दिवस सुटे वापरता यायचे, एका तिकिटावर पाच जण एकत्र जायचे. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते बंद झालं. आता एका माणसाला एक तिकीट, दिवस सलग, सुरुवातीची तारीख खरेदी करतानाच ठरवायची. म्हणून आधी तारखा पक्क्या करा, मग तिकीट.

तोक्योहून ओसाका ५५६ किलोमीटर आहे. साध्या गाड्यांनी नुसता गाडीतला वेळ नऊ तासांच्या आसपास जातो, म्हणून पहाटेची गाडी धरावी. अतामी, हामामात्सु, तोयोहाशी, ओगाकी, माइबारा इथे गाडी बदलावी लागते; शिझुओकात एखादी बदली वाढू शकते. सगळ्यात कंटाळवाणा भाग अतामी ते तोयोहाशी, जवळजवळ १९० किलोमीटर आणि बहुतेक लांब बाकांच्या गाड्या. तिथे डाव्या बाजूच्या बाकावर बसा. तोंड उजव्या खिडकीकडे राहतं आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी योशिवारा, फुजी स्थानकांच्या आसपास फुजी पर्वत समोर उभा दिसतो. ओगाकीला मात्र दार उघडल्याबरोबर लोक पळतात, कारण पुढची माइबाराची गाडी अनेकदा लहान असते. बसायला जागा हवी तर आधीपासून दाराशी उभं राहा.

याच टप्प्यावर सेकिगाहारा लागतं. तिथे बर्फ पडला की गाड्या उशिरा धावतात, कधी रद्दही होतात, आणि त्याबद्दल या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. त्या सकाळी बर्फाचा अंदाज असेल तर नागोयाहूनच वाट बदला: कानसाई लाइनने कामेयामा, तिथून कामो, पुढे नारा. याच तिकिटावर चालतं. कामेयामा ते कामो डिझेलची छोटी गाडी आहे, साधारण तासाला एक, म्हणून वेळापत्रक बघूनच निघा. थंडीच्या भागात गाडीचं दार बटण दाबून उघडावं लागतं, आणि आत आल्यावर बटण दाबून बंदही करायचं असतं. तेवढं विसरू नका, सगळा डबा गारठतो.

कानाझावा हिवाळ्यात फार सुंदर असतं, पण या तिकिटावर तो बेत नको. मार्च २०२४ मध्ये त्सुरुगा ते कानाझावा हा मार्ग जेआरकडून स्थानिक कंपन्यांकडे गेला, त्याचं भाडं वेगळं पडतं.

तारखांचा खरा कस वर्षाअखेरीला लागतो. ओसाका किल्ल्याचा मनोरा २८ डिसेंबर ते १ जानेवारी बंद, हिमेजी किल्ला २९ आणि ३० ला बंद, क्योतोचा निजो किल्ला २९ ते ३१ बंद, हिरोशिमाचं शांतता स्मारक संग्रहालय ३० आणि ३१ ला बंद. त्यामुळे माझ्या मते क्रम असा बसतो: २६ ला ओसाका, २७ ला सकाळी हिमेजी किल्ला, रात्रीपर्यंत हिरोशिमा, २८ ला मियाजिमा बेट, तिथली जेआरची फेरीबोट याच तिकिटात येते, बेटाचा १०० येन कर तेवढा वेगळा, २९ ला सकाळी संग्रहालय, प्रवेश २०० येन, मग ओकायामाला मुक्काम, ३० ला नारा किंवा क्योतो. आइओइ ते ओकायामा गाड्या कमी आणि गर्दी जास्त, तिथे उभं राहायची तयारी ठेवा.

३१ पासून प्रवास थांबवा. राहण्याचे दर तेव्हा सगळ्यात चढे असतात, म्हणून क्योतोत मुक्कामाचा हट्ट न धरता ओसाकातली किंवा क्योतोजवळच्या ओत्सुतली बिझनेस हॉटेलं बघा आणि रद्द करता येणारी खोली लवकर धरा. मंदिरं उघडी असतात. क्योतोचं फुशिमी इनारी देवस्थान रात्रंदिवस खुलं, प्रवेश मोफत. पण नवीन वर्षाचे पहिले तीन दिवस तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही, उजाडायच्या आत जाऊन या. ३१ ते ३ बँका बंद आणि १ तारखेला बरीच सुपरमार्केटंही बंद, म्हणून ३० च्या संध्याकाळी निम्म्या किमतीचे स्टिकर लागले की खाण्याची सोय करून ठेवा. शाकाहारी असाल तर लक्षात असू द्या, सोबा नूडल्सच्या रश्शात बहुधा मासळीचा अर्क असतो. उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, त्यातल्या त्यात बरी, पण वेष्टनावरचे घटक वाचून घ्या.

परतीसाठी ३ दिवसांचं दुसरं तिकीट घेऊ नका. क्योतो ते तोक्यो साधं कागदी तिकीट साडेआठ हजार येनच्या आसपास पडतं, चार दिवस चालतं, आणि वाटेत उतरून नागोया किंवा हामामात्सुला राहता येतं. दमलात तर एखाद्या टप्प्याचा शिंकान्सेनचा वरचा आकार भरा, मूळ भाडं पुन्हा द्यावं लागत नाही. हे तिकीट खिडकीवरच काढा. रेल्वेचं प्रीपेड कार्ड टॅप करून अतामीच्या पलीकडून तोक्योच्या हद्दीत शिरलात तर शेवटच्या स्थानकावर गेट उघडत नाही.