तीन आयसी उडाले तेव्हा ट्यूब पेटली

दोन सेलच्या लिथियम पॅकसाठी चार्जर बनवत होतो, बक टाइपचा (म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारा स्विचिंग सर्किट), इनपुटला साधा 12 व्होल्टचा ॲडाप्टर. आयसी 20 व्होल्टपर्यंत सहन करतो म्हणजे मार्जिन भरपूर, असं धरून निवांत होतो. आणि पहिले दोन आयसी गेले. भिंतीवरचं बटण दाबून चालू केलं की काही होत नव्हतं, पण ॲडाप्टर आधीच चालू असताना पिन जॅकमध्ये घातली की टिक्, खेळ खल्लास.

मला वाटलं इनपुटला कपॅसिटर कमी पडतोय, म्हणून 10 मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक होते त्यांच्या डोक्यावर अजून दोन चढवले. तिसरा आयसी त्यातच गेला.

मग ऑसिलोस्कोप काढला (आधी काढायला काय झालं होतं, विचारू नका), सिंगल ट्रिगरवर (एकच झटका पकडून ठेवायला) ठेवून पिन घातली तर 12 च्या जागी 22 व्होल्टचा सुळका! दीड मीटर वायर म्हणजे साधारण दीड मायक्रोहेन्री इंडक्टन्स, आणि सिरॅमिकचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) जवळपास शून्य, त्यामुळे व्होल्टेजचा झोका 12 वर थांबत नाही, पार दुपटीपर्यंत जातो. कपॅसिटर वाढवला तर उंची फारशी कमी होत नाही, झोका फक्त संथ होतो आणि घुसणारा करंट उलट वाढतो. भिंतीवरून चालू केलं की ॲडाप्टर स्वतःच हळूहळू चढतो, म्हणून तेव्हा वाचायचो.

उपाय काय तर 47 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलायटिक, सिरॅमिकच्या पॅरलल. त्याचा अर्धा-पाव ओहम ईएसआरच ब्रेक लावतो. बुधवार पेठेत दुकानदार पॉलिमरचा गळ्यात मारत होता, लो ईएसआर आहे म्हणून, म्हटलं दादा मला वाईटातलाच द्या. सिरॅमिक मात्र काढायचे नाहीत, आयसीच्या पिनला चिकटूनच हवेत, कारण बक इनपुटमधून करंट तुकड्या-तुकड्यात ओढतो. आणि नावाच्या 10 मायक्रोफॅरडवर जाऊ नका, 25 व्होल्टचा छोटा सिरॅमिक 12 व्होल्टवर निम्मासुद्धा उरत नाही कधीकधी.

यूएसबीवर चालणारं काही असेल तर असा मोठा लावता येत नाही, तिथे 10 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. एलटीसी 4054 या यूएसबीवर चालणाऱ्या लिथियम चार्जर आयसीच्या डेटाशीटमध्येच सिरॅमिकला सिरीजमध्ये दीड ओहमचा रेझिस्टर लावायला सांगितलंय.

आता सुळका 15 च्या आत आहे. चौथा आयसी आठवडाभर टिकलाय, रोज दहा-वीसदा पिन काढघाल करतोय, आता आधी जॅकच ढिला होणार बहुतेक.