राजीनाम्याआधी सर्टिफिकेट: तब्येतीमुळे फाउंड्री सोडताना आलेला माझा अनुभव

तब्येत साथ देईना म्हणून वयाच्या 58 च्या आधी काम सोडायचं म्हटलं की कंपनीत पहिल्यांदा कानावर पडतं ते हेच: "राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच करतो." तो कागद घाईने लिहू नका. त्यावर सही झाली की पुढचं सगळं अवघड होतं.

ईपीएस-95 मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, लवकर पेन्शन घ्यायचे दोन रस्ते आहेत. दहा वर्षं सेवा असेल तर पन्नाशीनंतर पेन्शन सुरू करता येतं, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. 52 व्या वर्षी घेतलं तर पाचव्या हिश्शाहून जास्त रक्कम गेली. दुसरा रस्ता कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या पेन्शनचा. त्यात ही कपात नाही, दहा वर्षांची अटही नाही. पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी चालतं. अट एवढीच, की अपंगत्व नोकरीत असताना आलेलं हवं.

घोडं अडलं ते इथेच. कागदावर अपंगत्वाची तारीख लागते, कारण पेन्शन त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. अपघात असेल तर तारीख सरळ मिळते. पण फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेले धातूचे भाग (कास्टिंग) घासून साफ करणाऱ्या माणसाला कुठली तारीख सांगता येणार? वर्षानुवर्षं हातात ग्राइंडर, समोर वाळूची धूळ, शिफ्टभर उभं राहणं. आधी थंडीत बोटं पांढरी पडतात, मग पाना नीट धरवत नाही, मग जिना चढताना दम लागतो. असं शरीर एका दिवसात निकामी होत नाही. पीएफ ऑफिसात टेबलावरचा माणूस मात्र पुन्हापुन्हा तेच विचारतो: "तारीख कोणती?" आणि तारीख नाही म्हणून फाईल परत. हे आठवलं की मला आजही संताप येतो. सगळ्यात जास्त कामगार झिजूनच बाहेर पडतात, आणि त्यांच्यासाठीच या कागदात जागा नाही.

यातून वाट निघते ती अशी: हजेरीपटावर नाव असतानाच डॉक्टरांकडून 'या कामासाठी कायमचा अयोग्य' असं लेखी घ्यायचं आणि तीच तारीख धरायची. तिच्यामागे पुरावा म्हणून आजारपणाच्या रजा, एक्स-रे, फुप्फुसाच्या तपासणीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावायचे. फाउंड्रीसारख्या धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगारांच्या तब्येतीची नोंद ठेवावीच लागते. ती मागणं हा आपला हक्क आहे, अर्ज लेखी द्या. रजा शिल्लक असेल तर सर्टिफिकेट हातात येईपर्यंत ती पुरवून वापरा.

सर्टिफिकेटचा मजकूरही नीट वाचा. "विश्रांतीची गरज आहे" याचा उपयोग शून्य. 40 टक्के, 50 टक्के असं लिहिलेलं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळ्या कामाचं. पेन्शनच्या नियमातला प्रश्न वेगळाच आहे: अपंगत्व आलं तेव्हा जे काम करत होता, त्या कामासाठी माणूस कायमचा आणि पूर्ण अयोग्य झाला आहे का? "बसून काही करू शकाल ना?" असं कोणी म्हणालं तर नियमातले हे शब्द दाखवा.

म्हणून मेडिकल बोर्डापुढे जाताना कंपनीच्या लेटरहेडवर कामाचं वर्णन न्या. 'हेल्पर' किंवा 'ऑपरेटर' एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ग्राइंडरचं वजन, एका वेळी उचलायच्या कास्टिंगचं वजन, किती तास उभं, किती वेळा वाकणं, रात्रपाळी किती, धूळ आणि उष्णता किती, असं सगळं त्यात हवं. माझ्या मते अख्ख्या फाईलमधला हा सगळ्यात कामाचा कागद.

पीएफच्या पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' (काम सोडल्याची तारीख) भरताना कंपनी कारणही निवडते. सवयीने 'सेसेशन' (नुसतं काम सुटलं) टाकलं जातं. आपल्याला 'पर्मनंट डिसेबलमेंट' (कायमचं अपंगत्व) हवं. चुकलं तर जॉइंट डिक्लेरेशन (कामगार आणि कंपनीचा एकत्र दुरुस्ती अर्ज) भरून दुरुस्ती होते, पण त्यात कंपनीची संमती लागते आणि हिशोब झाल्यावर तिथे कोणी लक्ष देत नाही. त्यामुळे नोंद होते त्याच आठवड्यात यूएएनमध्ये (आपल्या पीएफ नंबरच्या ऑनलाइन खात्यात) जाऊन बघा.

फॉर्म 10-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरणं त्यामानाने सोपं. बायकोचं नाव, जन्मतारीख आणि बँकेचं पासबुक आधारशी जुळलं पाहिजे, एवढंच.

ग्रॅच्युइटीचं आधीच सांगायला हवं होतं: अपंगत्वामुळे काम सुटलं तर पाच वर्षं सेवेची अट लागत नाही. तिथेही व्याख्या आधी करत असलेल्या कामाचीच आहे, म्हणून तेच सर्टिफिकेट चालतं. मूळ प्रत कुठेच सोडू नका, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेत) किमान पाच वर्षं असाल तर मुदतपूर्व निवृत्तीनंतरही वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू राहतात. त्यासाठी कंपनीच्या पत्रात 'मुदतपूर्व निवृत्ती' असे शब्द आहेत ना, तेवढं पत्र हातात घेतानाच बघून घ्या.