तुम्ही विचारलंत म्हणून : 'असर'चा तो एक कागद

'असर' म्हणजे गावातल्या मुलांना वाचन-गणित कितपत येतं, हे घरोघर जाऊन एका कागदावरच्या चाचणीनं तपासणारी पाहणी. तिचा अहवाल आला की ओळखीचे शिक्षक मला हमखास विचारतात : एका कागदावरून मुलाला किती येतं ते कसं कळणार? आणि हे मोजणारे कोण?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. सर्व शिक्षा अभियान सुरू झालं, २००४ पासून शिक्षणासाठी उपकर लागला, पैसा आला, शाळांचे पट भरले. पण पटावरच्या मुलाला वाचता येतं का, हे देशपातळीवर कुणी दरवर्षी तपासत नव्हतं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या कामातून उभ्या राहिलेल्या 'प्रथम' संस्थेनं २००५ साली ग्रामीण भारतात ही पाहणी सुरू केली आणि २००८ मध्ये त्यासाठी वेगळं 'असर केंद्र' काढलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तपासणारे शाळेत जात नाहीत, घरी जातात. शाळेत गेलं की गैरहजर मूल निसटतं, शाळा सोडलेलं मूल तर दिसतच नाही. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं, आणि दारात बसून एकेका मुलाशी बोलणारे स्थानिक कार्यकर्ते, कॉलेजची मुलं.

आता कागद. मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा ठेवतात. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, अडखळलं तर सुटे शब्द. पाचांतले चार बरोबर आले तर ठीक, नाहीतर अक्षरं. मूल जिथवर आरामात पोचतं ती त्याची पातळी. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. बस, एवढंच. पाचवीचा अभ्यासक्रम यातून मोजला जात नाही, तसा दावाही नाही. पण पाचवीतल्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येत नसेल, तर पुढचं काय मोजायचं?

आणि कागदाची पातळी वर्षानुवर्षं तीच ठेवली, म्हणून तुलना करता येते. दुसरीचा मजकूर वाचणारी पाचवीतली मुलं २०१८ मध्ये जेमतेम निम्मी होती. शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पुन्हा सुमारे ४९. ही घसरण आणि ही भरपाई दिसली, कारण मोजपट्टी बदलली नव्हती. पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडातही पुढे अशाच घरोघरच्या पाहण्या झाल्या.

अहवालावर राग काढणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच म्हणते : जूनमध्ये आपल्याच वर्गात हा कागद घेऊन बसा. मग इयत्ता बाजूला ठेवून, अक्षरांवर थांबलेल्यांचा एक गट आणि शब्दांवर थांबलेल्यांचा दुसरा असे गट पाडा आणि रोज तासभर तिथूनच शिकवा. 'प्रथम'ची शिकवण्याची पद्धतही हीच आहे.