पहिली धारदार तलवार : तुम्ही विचारलंत म्हणून

इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याची जपानी कला, शिकणारे मराठी विद्यार्थी, कोणी पुण्याचे, कोणी नोकरीनिमित्त टोकियोत किंवा युरोपात स्थायिक झालेले, मला सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न पहिल्या धारदार तलवारीचा असतो. काही वर्षे इआइतोवर, म्हणजे सरावाच्या बिनधारेच्या तलवारीवर हात बसला, एखाद-दुसरी दान (म्हणजे श्रेणी) परीक्षा झाली, आता शिनकेन, म्हणजे खरी धार असलेली तलवार घ्यायची आहे. तर ती कोणत्या कारागिराची, किती जुनी आणि किती किमतीची घ्यावी, असे ते विचारतात. या प्रश्नाचा सगळा रोख पात्याकडे असतो. माझे उत्तर मात्र म्यानापासून सुरू होते, आणि तसे का, हे एकदा सविस्तर लिहायला हवे असे मला वाटत होते.

इआइदोत समोर प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी नसतो. तो आहे असे मानून म्यानातून तलवार उपसायची, त्याच ओघात वार करायचा, पात्यावरचे रक्त झटकण्याची क्रिया करायची आणि तलवार पुन्हा म्यानात घालायची, असा साधारण क्रम असतो. ऑल जपान केंदो फेडरेशन या जपानी तलवारबाजीच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलेले असे 12 प्रकार आहेत. मुसो शिंदेन-र्यू आणि मुसो जिकिदेन एइशिन-र्यू या परंपरांत आणखी पुष्कळ आहेत. या संपूर्ण सरावात पाते कोणत्याही लक्ष्याला लागत नाही. ते लागते म्यानाच्या आतल्या लाकडाला आणि म्यानाच्या तोंडाशी असलेल्या डाव्या हाताला. ज्या दोन ठिकाणी धारेचा रोज संबंध येणार आहे, त्यांचा विचार तलवार घेताना सर्वांत आधी झाला पाहिजे, आणि नेमका तोच बहुतेकांकडून शेवटी होतो किंवा होतच नाही.

जपानी म्यान होनोकी नावाच्या झाडाच्या हलक्या, मऊ लाकडाचे करतात. लाकडाचे दोन उभे भाग पात्याच्या आकाराप्रमाणे आतून कोरून भाताच्या खळीने जोडतात आणि त्यावर लाखेचे रोगण चढवतात. हा जोड म्यानाच्या दोन्ही कडांनी जातो, एक पात्याच्या पाठीच्या बाजूला आणि एक धारेच्या बाजूला. कमरपट्ट्यात खोचलेल्या तलवारीची धार वर असते. उपसताना पात्याची पाठ लाकडावरून सरकली पाहिजे आणि धार कशालाही लागता कामा नये; पण उजवा हात पात्याच्या बाकाची दिशा सोडून ओढू लागला, किंवा डाव्या हाताने म्यान वेळेवर मागे घेतले नाही, की धार वरच्या जोडावर दाबली जाते. इआइतोच्या बाबतीत याचा परिणाम लाकूड खरवडण्यापुरता राहतो. शिनकेनची धार मात्र त्याच जोडात शिरते आणि जोड उकलला तर बाहेर डाव्या हाताची बोटे असतात. तलवार म्यानात परत घालताना तर नजर समोर ठेवून, पात्याची पाठ डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यावरून टोकापर्यंत सरकवावी लागते. तर्जनी म्यानाच्या तोंडावर जराशी पुढे आलेली असेल, तर इआइतो ते माफ करतो, शिनकेन करत नाही.

म्हणून तलवार पाहायला गेलात की ती उपसण्यापूर्वी म्यान पाहा. प्रत्येक पात्याचा बाक वेगळा असतो, त्यामुळे म्यान त्याच पात्यासाठी केलेले असले पाहिजे. दुसऱ्या तलवारीचे जवळपास बसणारे म्यान चालत नाही. धारेच्या बाजूच्या जोडावर, विशेषतः तोंडापासून वीतभर अंतरापर्यंत, रोगणात केसाएवढी चीर असेल, तर ती रोगणाचीच आहे असे गृहीत धरू नका. म्यानाच्या तोंडाला म्हशीच्या शिंगाचे कडे बसवलेले असावे आणि ते हलता कामा नये. पात्याच्या मुळाशी हाबाकी नावाचे, बहुधा तांब्याचे, कोंदण असते आणि तलवार म्यानात धरून ठेवण्याचे काम तेच करते. तलवार तोंडाकडून थोडी खाली झुकवली तरी आपोआप सरकू नये, आणि अंगठ्याने त्सुबाला, म्हणजे मुठीपुढच्या चकतीला, हलका रेटा देताच विनाझटका मोकळी व्हावी, इतकीच ही पकड हवी. ती फार घट्ट असेल तर उपसताना हिसका बसतो आणि दिशा बिघडते. सैल असेल तर तलवार वाकताना बाहेर येऊ शकते. सैल तोंड लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून दुरुस्त करता येते. धारेने चिरलेले म्यान मात्र बदलावेच लागते.

माझी तलवार निवडताना आमचे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, माझ्याबरोबर टोकियोतल्या एका दुकानात आले होते. दुकानदाराने मखमलीवर पाते ठेवले, त्याच्या घाटाबद्दल आणि धारेच्या रेषेबद्दल तो मनापासून सांगत होता. सेन्सेईंनी ते आदराने ऐकून घेतले, मग रिकामे म्यान मागून घेतले, त्याचे तोंड दिव्याकडे करून आतल्या वरच्या कडेवर नखाच्या टोकाने हळूच चाचपले आणि ते माझ्या हातात देऊन मलाही तसेच करायला सांगितले. तोंडापासून दोन बोटे आत एक बारीक, सरळ खाच लागत होती. आधीचा मालक तलवार कशी उपसत होता, हे त्या खाचेने सांगितले. पाते उत्तम होते, म्हणून आम्ही तीच तलवार घेतली, पण नवीन म्यानाचा खर्च किमतीत धरून. आणि ते तयार होईपर्यंत सेन्सेईंनी मला त्या तलवारीने सराव करू दिला नाही.

तयारी झाली आहे की नाही, हे ओळखण्याची मला माहीत असलेली सर्वांत खरी कसोटीही म्यानातच आहे. आपल्या इआइतोचे म्यान महिन्याभराच्या सरावानंतर पांढऱ्या कागदावर उलटे धरून हलके झटकावे. लाकडाचा भुसा पडत असेल, तर पात्याची धारेकडची बाजू अजून लाकडाला लागते आहे आणि शिनकेन घेण्याची वेळ आलेली नाही, मग दान श्रेणी कोणतीही असो. निर्णय अर्थात तुमच्या शिक्षकांचा. त्यांना न विचारता शिनकेन विकत घेऊन एके दिवशी सरावाला घेऊन जाणे मला अजिबात पसंत नाही, कारण त्या खोलीत तुमच्या आजूबाजूला इतर माणसेही सराव करत असतात.

म्यानानंतर मूठ. मुठीतले लाकूडही होनोकीचेच असते, त्यावर पाकट माशाचे खरबरीत कातडे आणि त्यावर सुती, रेशमी किंवा चामड्याच्या पट्टीची वीण. पाते या मुठीत ज्या आधाराने राहते, ती वस्तू म्हणजे मेकुगी, बांबूची एक निमुळती खुंटी. ती बांबूचीच हवी, कारण बांबूचे तंतू लांब आणि चिवट असतात. ताण आला तरी ती सहसा एकदम तुटत नाही. जुन्या तलवारीवर शोभेसाठी बसवलेल्या मुठी पुष्कळदा आतून खिळखिळ्या झालेल्या असतात. दोन्ही हातांनी धरून हलकेच झटका द्या. कसलाही खुळखुळ जाणवला तर ती मूठ सरावाची नाही. नवीन मूठ करून घेता येते आणि मी तर तसे करावेच म्हणेन, कारण मुठीची लांबी आणि जाडी तुमच्या पंजाला जुळली पाहिजे. साध्या, बिनरंगी लाकडाच्या शिरासायात ठेवलेली तलवार स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नये. ते पाते जपून ठेवण्याचे आवरण आहे, त्याने वार करायचा नसतो.

लांबीचे माप पात्याच्या टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत घेतात आणि ते शाकुत सांगतात. एक शाकु म्हणजे 30.3 सेंटिमीटर; शाकुचा दहावा भाग सुन आणि सुनचा दहावा भाग बु. सुमारे 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला साधारणपणे 2 शाकु 4 सुन 5 बु, म्हणजे 74 सेंटिमीटरच्या आसपासचे पाते सुचवले जाते. हे कोष्टक सुरुवातीला उपयोगी आहे, पण पहिल्या शिनकेनसाठी माझा नियम सोपा आहे : ज्या इआइतोवर हात बसला आहे, त्याचीच लांबी आणि शक्य तितका त्याचाच बाक. वजन थोडे वाढणारच, कारण इआइतो जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शिनकेन पोलादाची. एकूण वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. तोल टोकाकडे झुकलेली तलवार उजव्या खांद्याला खाली ओढते, आणि थकलेला खांदा तलवार म्यानात घालताना दिशा चुकवतो. पात्याला पन्हळ, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेली खोबण, असेल तर वजन कमी होते आणि वार करताना वाऱ्याचा आवाज स्पष्ट येतो. नुसत्या इआइसाठी ती चांगली. ओल्या गवती चटईच्या गुंडाळ्यांवर वार करण्याचा सराव मुख्यतः करायचा असेल, तर पन्हळ नसलेले, धारेमागे पुरेशी जाडी असलेले पाते घ्यावे.

पात्याबद्दल मी शेवटी बोलतो आहे, म्हणून ते कमी महत्त्वाचे असा अर्थ घेऊ नये. एक दोष असा आहे की तो दिसताच तलवार परत ठेवावी : हागिरे, म्हणजे धारेला काटकोनात गेलेली चीर. ती उजेडात पाते हळूहळू तिरके केल्यावरच दिसते आणि तिथून पाते तुटू शकते. पोलादात उघडलेली लहानशी शिवण किंवा पृष्ठभागावरचा फुगवटा संग्राहकाला खटकेल, सरावाला सहसा आड येत नाही. अनेकदा घासून पातळ झालेले जुने पाते इआइला चालते, कापण्याच्या सरावाला नाही. गंज असलेली स्वस्त तलवार घेऊन नंतर तिला ओप देऊ, हा हिशेब बहुधा चुकतो, कारण ओप देणारा कारागीर पात्याच्या लांबीवर मजुरी आकारतो आणि पूर्ण काम कधी कधी तलवारीच्या किमतीलाही मागे टाकते. मोठ्या नावाच्या कारागिराचे जुने पाते सरावासाठी घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. ते पुढच्या पिढ्यांसाठी जपायचे असते, आणि रोज म्यानातून काढल्या-घातल्याने त्यावर ओरखडे येणारच. बिननावाचे, निरोगी, जुने पाते किंवा आजच्या परवानाधारक कारागिराने केलेले नवे पाते, हे दोनच मार्ग मला योग्य वाटतात.

जपानात राहणाऱ्यांनी कायद्याची बाजू आधी समजून घ्यावी. 1958 च्या शस्त्र कायद्यानुसार पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीचीच नोंदणी होते, आणि हे नोंदणीपत्र प्रांताचे शिक्षण मंडळ देते. ते मालकाच्या नावाने नसते, तलवारीचे असते. त्यावर पात्याची लांबी, बाक, खुंटीची छिद्रे आणि मुठीतल्या भागावर कोरलेले नाव असल्यास तेही लिहिलेले असते. दुकानात मूठ काढायला लावून हा तपशील पात्याशी ताडून पाहा; चांगल्या दुकानदाराला त्याचे वाईट वाटत नाही. खरेदीनंतर 20 दिवसांच्या आत, ज्या मंडळाने नोंदणी केली त्याला मालकी बदलल्याचे कळवावे लागते. परदेशात बनलेल्या, नक्कल म्हणून विकल्या जाणाऱ्या धारदार तलवारी तिथे नोंदवताच येत नाहीत.

भारतात राहून विचारणाऱ्यांना माझे उत्तर वेगळे आहे. जपानातून तलवार बाहेर नेण्यासाठी तिथल्या सांस्कृतिक खात्याचे प्रमाणपत्र लागते, आणि इकडे ती 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते; शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जेव्हा मनाई आदेश लागू असतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगता येत नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून स्थानिक पोलिसांकडून आणि सीमाशुल्क विभागाकडून लेखी खुलासा मिळाल्याशिवाय काहीही मागवू नका, आणि शोभेच्या बाजारात मिळणारी गंजरोधक पोलादाची ‘कताना’ तर फिरवूही नका, कारण तिच्या मुठीत बहुधा जोडलेली बारीक सळई असते आणि वेगाने फिरवताना पाते निसटू शकते. जपानला सरावासाठी जाल तेव्हा शिक्षकांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली त्यांच्या शिनकेनने पहिला प्रकार, ‘माए’, अगदी संथ गतीने करून पाहा. आणि तलवारीसाठी साठवलेल्या पैशांतला थोडा भाग खर्च करून आपल्या इआइतोसाठी नीट बसणारे नवे म्यान तिथेच करून घ्या.