आबाकाकांचे हात

आज देवगडात आबाकाकांकडे गेले होते. काका मुंबईच्या माझगाव डॉकमधले, म्हणजे जहाजं बांधायच्या कारखान्यातले, वेल्डर, निवृत्त होऊन गावी आले. अंगणात आमसुलं पालटत होते. रसाने लाल झालेल्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ठिणग्यांचे पांढरे ठिपके तसेच आहेत.

पाणबुडीचा विषय निघाला. १९८१ साली पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे बांधल्या, दोन मुंबईत, 'शल्की' आणि 'शंकुल'. काका त्यांवर होते. प्रत्येक सांध्याचा एक्स-रे निघायचा, केसाएवढी चूक सापडली तरी सगळं कोरून पुन्हा. आणि १९८७ साली बाहेर आलं की या सौद्यात ७ टक्के दलाली गेल्याची तार दिल्लीला आली आहे. व्ही. पी. सिंगांनी चौकशी लावली आणि त्याच एप्रिलमध्ये त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं. पुढच्या दोन पाणबुड्या बारगळल्या. 'शंकुल' १९९४ साली नौदलात गेली. त्यानंतर इथे बांधलेली 'कलवरी' आली थेट २०१७ साली!

"हात बसलो आणि कामच बंद पडला गो," काका म्हणाले.

मला दलालीपेक्षा हे जास्त लागलं. पैसे कोणी खाल्ले ते आजवर सिद्ध झालं नाही, शिक्षा कोणालाच नाही. पण काकांबरोबर शिकलेली माणसं एकेक करून निवृत्त झाली, तो हात पुढे कोणाला देता आला नाही. याचा हिशेब कुठल्या चौकशीत धरतात? फार राग आला आज.

निघताना काकांनी आमसुलांची पुडी बांधून दिली. गाठ अशी घट्ट, की घरी कात्रीच लागली.