कण्हेरीचा अर्क आणि एका पेशीचं शेवाळ

एम.एस्सी. बॉटनीच्या प्रोजेक्टला मी कण्हेर घेतली. येळ्ळूरपासून बेळगावपर्यंत कुंपणाला, देवळापाशी, हायवेच्या दुभाजकात हीच दिसते. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदय बंद पाडतं, हे पुस्तकात आहेच. ज्याला हृदयच नाही त्या शेवाळाचं काय होतं, ते मला बघायचं होतं.

पानं सावलीत वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढणं सोपं. क्लोरेला या एकपेशीय शेवाळाच्या फ्लास्कमध्ये तो कमी-जास्त प्रमाणात घातला आणि 72 तासांनी न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेवर, पेशी मोजल्या. वाढ चांगलीच खुंटली होती. मॅडम म्हणाल्या, "अर्क केवढा गडद आहे गं! उजेड मिळाला नाही म्हणून वाढलं नसेल कशावरून?" मग नुसत्या शेवाळाचा फ्लास्क अर्क भरलेल्या मोठ्या बीकरमध्ये उभा केला. सावली तीच, पण विष बाहेर. वाढ तिथंही घटली, मात्र अर्क आत असताना ती कितीतरी जास्त घटली होती. अख्ख्या प्रोजेक्टात मला तो बीकरच सगळ्यात मोलाचा वाटतो.

अर्कानं डीएनए तुटतो का, ते बघायला कॉमेट टेस्ट. पेशी अगारोजच्या जेलीसारख्या थरात बसवून फोडायच्या, 13 च्या वर पीएच असलेल्या बफरमध्ये करंट द्यायचा. डीएनए तुटला असेल तर मायक्रोस्कोपखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. क्लोरेलाची भिंत इतकी चिवट, की ती फुटेचना. शेवटी क्लॅमिडोमोनास हे दुसरं एकपेशीय शेवाळ घेतलं. त्याच्या भिंतीत सेल्युलोज नसतं. सगळं मंद पिवळ्या उजेडात, कारण साध्या ट्यूबलाइटनंही डीएनएला इजा होऊ शकते. त्यात लाईट गेली की स्लाइड बाद. लॅबमधले अण्णा कानडीत म्हणायचे, "नाळे माडोण, बिडी." म्हणजे, उद्या करू, सोडा.

मेलेल्या पेशीत डीएनए तसाही तुटतो. म्हणून मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या एव्हान्स ब्लू रंगानं तपासून, बहुतेक पेशी जिवंत राहतील तेवढाच अर्क धरला. त्यातल्या वरच्या प्रमाणाला शेपट्या लांबल्या, पण तुलनेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडनं मुद्दाम डीएनए तोडलेल्या स्लाइडइतक्या नाहीत. अर्कात ओलिअँड्रिन एकटं नसतं, त्यामुळे दोष त्याच्यावर टाकला नाही. व्हायवात नेमकं तेच विचारलं.

घरी काकांनी विचारलं, "मग विहिरीवरची कण्हेर तोडू काय?"

म्हटलं, फ्लास्कमधल्या घट्ट अर्कावरून विहिरीत पडलेल्या चार पानांचा हिशेब निघत नाही. छाटलेल्या फांद्या तेवढ्या गोठ्याकडं टाकू नका, वाळलेली पानं चाऱ्यात गेली की गुरं खातात.

"ते मला ठाऊक हाय की," काका म्हणाले.